मराठवाड्यात बास नाही, मग दसऱ्यानंतर गळ कशासाठी टाकायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभर अमेरिकेतल्या बास नावाच्या माशाच्या मासेमारीचे व्हिडिओ बघितले, साडेसहा फुटी काठी, रीळ, बारा पौंडी तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि प्लॅस्टिकचे सहा-सात रंगीत मासे विकत घेतले. दसऱ्यानंतरचे तीन रविवार येलदरी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामागं साचलेल्या पाण्यावर, उन्हात काढले, पण हाताला काही लागलं नाही. उलट चार नकली मासे बुडालेल्या बाभळींत अडकून गेले. आता विचारताय की आपल्याकडे बास कुठं मिळतो, मिळत नसेल तर या दिवसांत काठी घेऊन दुसरं काय धरावं, आणि मासा लागलाच तर सोडावा की घरी न्यावा.

मी तीस वर्षांहून अधिक काळ सिद्धेश्वर आणि येलदरीच्या काठानं गळ टाकतोय. त्यामुळं जे सांगतो ते या दोन पाण्यांवरून सांगतो. माजलगाव, मांजरा, लोअर दुधना या धरणांवर थोडाफार फरक पडेल.

मराठवाड्यातल्या कुठल्याही धरणात बास नाही. व्हिडिओत दिसतो तो लार्जमाउथ बास मूळचा उत्तर अमेरिकेचा. कोणी मुंबईकडून ‘बास’ म्हणून मोठ्या माशाचा फोटो पाठवला तर तो बहुधा जिताडा असतो. तो खाडीचा मासा आहे, अंडी घालायला त्याला खारं पाणी लागतं, आणि त्याचं या बासशी जवळचं नातं नाही. बासचं पिल्लू आणून आपल्या तळ्यात सोडू असं कोणी सुचवलं, तर त्याला तिथल्या तिथं थांबवा. जपानमध्ये हा बास असाच बाहेरून नेला गेला आणि तिथल्या देशी माशांच्या मुळावर आला. २००५ पासून तिथल्या कायद्यानं तो बाळगायला आणि सोडायला बंदी आहे. आपल्याकडे तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, १९५२ साली आला, त्याची आज प्रत्येक तलावात काय संख्या झालीय ते कुठल्याही मच्छीमाराला विचारा. चिलापीनं भरलेलं जाळं उपसताना त्यांचा चेहरा मी बघितलाय. आणखी एका पाहुण्याची आपल्याला गरज नाही.

आता तुमचे तीन रविवार वाया का गेले ते सांगतो. तुम्ही बघितलेलं शिक्षण खोटं नाही. ते दुसऱ्या पाण्याचं आहे.

तिकडच्या तळ्यात उन्हाळ्यात वर गरम पाण्याचा थर आणि खाली थंड पाण्याचा थर असे दोन मजले होतात. शरदात हवा गार पडली की वरचं पाणी थंड होतं, जड होतं, खाली बसतं आणि सगळं तळं एकदा ढवळून निघतं. पुढे बर्फाचे महिने असतात. म्हणून पाणी पंधरा-वीस अंशांवर आलं की बास अंगावर चरबी चढवायला लागतो, लहान माशांच्या थव्यामागे ओढ्यांच्या तोंडाशी शिरतो आणि दिवसभर हावरटासारखा खातो. त्यांच्या सगळ्या क्लृप्त्या या एका घटनेभोवती बांधलेल्या आहेत.

आपल्याकडे त्या वेळी ऑक्टोबर हीट असते. हस्ताचा पाऊस झालेला असतो, चित्रा-स्वातीचा एखादा शिडकावा बाकी असतो. दुपारी काठावरचा दगड पायाला भाजतो. माशाला पुढच्या बर्फाची चिंता नसते. त्याच्यासाठी खरी घटना वेगळीच असते: पाणी वर्षातल्या सगळ्यांत वरच्या रेषेवर येऊन थांबलेलं असतं आणि उतरायला लागणार असतं. जूनपासून पाणी चढत जातं, मे महिन्यात ज्या जमिनीवर शेळ्या चरत होत्या ती बुडते, तिथलं गवत कुजतं, किडे होतात, किडे खायला बारीक मासळी येते, आणि तिला खायला मोठे मासे येतात. दसऱ्याच्या सुमाराला हा सगळा बाजार काठाच्या उथळ पट्ट्यात भरलेला असतो. तुम्ही मात्र उंच दगडावर उभं राहून खोल निळ्या पाण्यात चाळीस-चाळीस हात लांब फेकत होता. तिथं त्या दिवसांत कटला फिरत असेल, पण तो प्लॅस्टिकच्या माशाकडे बघणार नाही. तो पाण्यात तरंगणारे बारीक जीव गाळून खाणारा मासा आहे.

तुमच्या काठीला, रिळाला आणि व्हिडिओंच्या शिकवणीला जुळणारा आपला मासा म्हणजे मरळ. बाजारात जिवंत विकतात, काळपट, सापासारख्या डोक्याची, तीच. बास आणि मरळ यांच्यात रक्ताचं नातं नाही, पण स्वभाव बहिणी-बहिणींसारखा. दोघेही दबा धरून बसणारे, पाठलाग न करता झडप घालणारे. दोघांनाही झुडपं, गवत, बुडालेली लाकडं हवी असतात. दोघेही आपल्या पिल्लांची राखण करतात, जे माशांच्या जगात फार कमी दिसतं. बासचा मोठ्यात मोठा नोंदलेला मासा १९३२ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात सापडला होता, दहा किलोंच्या थोडा वर. आपली मरळ साधारण किलो-दोन किलोची मिळते. मरळीची जी मोठी जात आहे, जिच्या शेपटीच्या बुडाशी लहानपणी डोळ्यासारखा गोल ठिपका असतो, ती मात्र हातभरापेक्षा लांब होते. ती गळाला लागली की दोन हातांनी काठी धरावी लागते.

एक फरक मात्र फार मोठा आहे आणि सगळी मेख त्यातच आहे. मरळ हवेत श्वास घेते. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा साठवायची पोकळी असते. नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही, थोड्या थोड्या वेळानं तिला वर येऊन घोट घ्यावाच लागतो. म्हणजे बास कुठं बसलाय हे अमेरिकन माणसाला यंत्र लावून शोधावं लागतं. मरळ तुम्हाला स्वतः सांगते. फक्त तिचं बोलणं ओळखता आलं पाहिजे. रोहू किंवा सायप्रिनस (कॉमन कार्प) उसळला की छपाक असा आवाज येतो, पाणी उडतं, वर्तुळं मोठी होत जातात. मरळ वर येते तेव्हा पाणी फुगल्यासारखं होतं, ‘बुळुक’ असा जाड आवाज येतो, एक-दोन बुडबुडे राहतात आणि संपलं. डोकं दिसलं तर क्षणभर, ओल्या दगडाएवढं. लहान मरळ घाईत टिचकी मारल्यासारखा घोट घेते, मोठी सावकाश घेते.

म्हणून माझा नियम आहे: काठावर पोचल्यावर पहिला अर्धा तास काठी पिशवीतून काढायची नाही. सावलीत बसायचं, चहा प्यायचा आणि ऐकायचं. एकाच झुडपाजवळ अर्ध्या तासात तीनदा बुळुक झालं तर मासा तिथं राहायला आहे. आवाज जागा बदलत गेला तर मासा चालता आहे, त्याच्या मागे धावू नका.

हे मला शिकवलं सिद्धेश्वरच्या काठच्या एका भोई काकांनी. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं लावायचे. माझ्याकडे तेव्हा बांबूची काठी होती आणि फार घाई होती. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, ‘उन्हाळ्यात इथं काय होतं रे?’ मला सांगता आलं नाही. ते म्हणाले, ‘मग मासा कुठं बसला तुला कसं कळंल?’ आणि पुढच्या मे महिन्यात त्यांनी मला कोरड्या बुडीत क्षेत्रातून चालवत नेलं.

दसऱ्याची मासेमारी मे महिन्यात करायची असते. बाकी काही विसरलात तरी हे लक्षात ठेवा.

आपलं धरण उन्हाळ्यात उघडं पडतं, हा आपल्यावरचा शाप आहे, पण गळवाल्यासाठी त्यात एक देणगी आहे. तिकडच्या लोकांना तळाचा नकाशा विकत घ्यावा लागतो. तुम्हाला तो पायी फिरून मिळतो. वहीत कच्चा नकाशा काढा. जुनी बैलगाडीची वाट कुठून जाते, कुठल्या नाल्याचं पात्र पाण्यापर्यंत येतं, कुठं जुन्या घरांचे चौथरे आहेत, बांध कुठं आहेत, बेशरमाची झुडपं कुठं दाट आहेत, वेड्या बाभळी कुठं वाढल्यात, गाळपेर (पाणी उतरल्यावर गाळात केलेली पेरणी) कुणी कुठं केली होती आणि धांडे कुठं उभे राहिले. मोबाइलवर प्रत्येक जागेची खूण करून ठेवा. काठावरचं एखादं न बुडणारं झाड, मंदिराचा कळस, विजेचा खांब अशा दोन खुणांची सरळ रेषा लक्षात ठेवा, कारण ऑक्टोबरमध्ये सगळं सारखंच दिसतं.

२०१६च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली तेव्हा, मी मांजरा धरणाच्या तळातून चाललो. भेगा पडलेला गाळ, मधे शिंपल्यांचे ढीग, आणि एका जुन्या बांधाच्या पोटात ओळीनं भोकं, जिथं पाणी शेवटपर्यंत टिकलं होतं. असं काही बघून आनंद होत नाही. तरी त्या दिवशी काढलेला नकाशा आजही माझ्याजवळ आहे आणि पाणी आलं तेव्हा त्यातला प्रत्येक बांध मला उपयोगी पडला. असा दुष्काळ पडला की मासे संपतात, हेही ध्यानात असू द्या. नंतरच्या एक-दोन वर्षांत जे मिळतं ते मच्छीमार संस्थेनं सोडलेल्या बोटुकलीचं (बोटाएवढ्या पिल्लांचं) आणि वरच्या बंधाऱ्यांतून पुरात वाहून आलेलं. त्या काळात हात आवरता घ्यावा.

या वर्षीचा मे तर निघून गेला. मग आता काय? जुनी उपग्रह-छायाचित्रं मोबाइलवर बघा, उन्हाळ्यातली निवडा. आणि काठच्या शेतकऱ्याशी बोला. ज्याची जमीन धरणात गेली तो माणूस डोळे मिटून सांगतो की इथं माझी विहीर होती, इथं आंब्याचं झाड. त्याला ते सांगायलाही आवडतं, आपण ऐकून घेतलं पाहिजे.

आता पाण्याच्या उतरण्याबद्दल. येलदरी हे पूर्णेवरचं मोठं साठवण धरण, १९६८ साली पूर्ण झालं. त्याचं पाणी वीजघरातून खाली येतं आणि सिद्धेश्वरात थांबतं, तिथून कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या शेतांना जातं. म्हणजे रब्बीचं आवर्तन (कालव्यांना पाणी सोडायची पाळी) सुरू झालं की येलदरी उतरत जाते आणि सिद्धेश्वर वर-खाली होत राहतं. गळवाल्यानं कॅलेंडरपेक्षा आवर्तनाची तारीख विचारावी. काठावर पोचलात की पाण्याच्या रेषेवर एक काडी रोवा. दोन तासांनी बघा. पाणी जागेवर असेल तर मरळ झुडपांच्या अगदी आत, कधी गुडघ्याएवढ्या पाण्यातही असते. सावकाश उतरत असेल, दिवसाला दोन-चार बोटं, तर ती झुडपांच्या बाहेरच्या कडेला येऊन बसते. हा सगळ्यांत चांगला काळ, कारण बारीक मासळी आसरा सोडून त्या कडेवरूनच बाहेर पडते. झपाट्यानं उतरत असेल तर उथळ पट्टा सोडून द्या आणि वहीतल्या नाल्याच्या पात्राकडे जा. उतरतं पाणी सगळ्यांना तिथंच ढकलतं.

पाणी किती निवळलंय हेही बघायचं. दसऱ्याला ते बहुधा चहासारखं असतं, कोजागिरीनंतर निवळत जातं. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहून पायाची बोटं दिसत नसतील तर काळा, आवाज करणारा नकली बेडूक. बोटं दिसायला लागली की हिरवट-तपकिरी, साधा, आणि तुम्ही स्वतः काठापासून दोन पावलं मागे, खाली वाकून. निवळ पाण्यात मरळ माणसाची सावली बघते. पांढरा शर्ट घालून जाऊ नका.

वेळ. दिवाळीपर्यंत सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतर. दिवाळीनंतर रात्री गार पडायला लागल्या की मात्र पहाटे उठून कुडकुडण्यात अर्थ नाही. तेव्हा उथळ पाणी रात्रीत गार होतं आणि मासे सुस्त असतात. अकरा ते तीन, ऊन चांगलं तापल्यावर, वारा ज्या काठावर आपटतो तिथं जा. गरम झालेलं वरचं पाणी आणि त्याबरोबर सगळा बारीक जीव वारा तिथं लोटतो. पुस्तकी लोक पहाटेचंच गुणगान करतात. मला डिसेंबरातल्या सगळ्या मोठ्या मरळी दुपारी लागल्यात.

पक्ष्यांवर विश्वास ठेवा. पाणकावळे एका जागी सारखे बुड्या मारत असतील तर खाली बारीक मासळीचा थवा आहे. खंड्या एकाच वाळक्या फांदीवर पुन्हा पुन्हा येऊन बसत असेल तर त्या फांदीखाली खाऊ आहे. बगळा स्थिर उभा असेल आणि अचानक दचकून उडाला, आजूबाजूला माणूस नाही, तर त्याच्या पायाशी काहीतरी मोठं हललंय.

आता सामान. तुमची काठी चालेल, थोडी मऊ आहे. पुढच्या वेळी सात फुटी आणि जरा ताठ घ्या. बारा पौंडी तंगूस मात्र काढून टाका. मरळ झडप घातल्या घातल्या झुडपात शिरते आणि तंगूस ताणला जातो, त्यामुळं गळ रुतत नाही आणि मासा खोडाला दोन वेढे घेऊन मोकळा होतो. तीस-चाळीस पौंडांचा विणलेला दोरा भरा, ज्याला दुकानात ब्रेड म्हणतात. तीन-तीन काट्यांचे गळ लटकलेले ते रंगीत मासे झुडपात फेकण्यासाठी नाहीतच. ते मोकळ्या पाण्यासाठी ठेवा. झुडपासाठी पोकळ रबरी बेडूक घ्या, ज्याचे दोन काटे पाठीला चिकटून वर असतात. तो गवतावरून, पानावरून, बेशरमाच्या काड्यांमधून न अडकता सरकतो. तुमच्या व्हिडिओतली जी एक गोष्ट जशीच्या तशी इकडे चालते ती हीच.

फेकायचं कसं? बुळुक झालं त्या जागेवर फेकू नका, मासा दचकतो. त्याच्या पलीकडे दोन-तीन हात, आणि मग सावकाश त्या जागेवरून आणायचा. हात-दीड हात ओढ, थांब. पुन्हा ओढ, थांब. झडप बहुतेक थांबल्यावर येते. पाणी फुटतं, बेडूक नाहीसा होतो, आणि इथं नव्वद टक्के नवशिके चुकतात: आवाजासरशी झटका देतात. बेडूक माशाच्या तोंडाबाहेर येऊन तुमच्या अंगावर येतो. मनात एक-दोन म्हणा, काठी खाली करा, दोऱ्याला वजन लागलं की मगच जोरात वर. माझ्या हातून गेलेल्या सगळ्यांत मोठ्या दोन मरळी याच घाईनं गेल्या, आणि दोन्ही जागा मला आजही झोपेत दिसतात. मासा लागला की त्याला मोकळीक देऊ नका. पहिल्या तीन सेकंदांत डोकं झुडपाबाहेर फिरलं पाहिजे.

जिवंत बेडूक लावू नका. जुने लोक लावायचे, मीही लहानपणी बघितलंय. पण आपला तो पावसाळी मोठा बेडूक वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, आणि रबरी बेडकाला मरळ तितकीच येते.

रोहू, मृगळ, सायप्रिनस यांच्यासाठी वेगळा खेळ आहे. शेंगदाण्याची पेंड भिजवून, कणकेत मळून, तळाशी गळ, आणि बसून राहायचं. नाल्याच्या तोंडाशी संध्याकाळी गांडूळ लावून तळाशी ठेवलं तर शिंगाडा नावाचा मासा लागतो. त्याच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यामागच्या काट्यांना जपा, टोचलं की हात दिवसभर ठणकतो. दगडाच्या बांधाजवळ वाम येते. हे सगळं चांगलं आहे, पण तुम्ही चालत, बघत, फेकत मासा शोधायला निघालेले दिसता. तुमचं मन मरळीतच रमेल.

परवानगीचं मात्र टाळू नका. धरणातल्या मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्यानं असतो. त्यांनी पैसे भरून बोटुकली सोडलेली असते. आधी संस्थेच्या माणसाला भेटा, गळ टाकतो म्हणून सांगा, फी असेल तर द्या. मला आजवर कोणी हाकललेलं नाही; उलट कुठल्या कोपऱ्यात मरळ जाळी फाडतेय हे त्यांनीच सांगितलंय. पैठणच्या नाथसागराची गोष्ट निराळी. तो १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे आणि आपल्या या दिवसांतच तिथं परदेशी बदकं उतरायला लागतात. वन खात्याच्या परवानगीशिवाय तिथं काठी घेऊन जाऊ नका. आणि कुणी सुरुंग, विषारी औषध किंवा विजेचा करंट लावून मासे मारताना दिसला तर तिथून निघा आणि संस्थेला कळवा. पाण्यात सुरुंग फोडणं, विष कालवणं हा १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, आणि करंटनं दरवर्षी माशांबरोबर माणसंही मरतात.

जिवाबद्दल चार गोष्टी, आणि या मी पोटतिडकीनं सांगतोय. पहिली, बुडालेल्या विहिरी. फुगवट्यात गुडघाभर पाण्यातून चालता चालता पुढचं पाऊल थेट पन्नास फुटांवर जातं. कठडे केव्हाच पडलेले असतात. ज्या जमिनीवर उन्हाळ्यात चालला नाहीत त्या पाण्यात पाय घालू नका. दुसरी, विजेच्या तारा. काठावर उपशाच्या मोटारी असतात, तारा खाली लोंबलेल्या असतात, आणि तुमची काठी कार्बनची आहे. कार्बनमधून वीज जाते. फेकण्याआधी दर वेळी वर बघायचं, ही सवय हाताला लागली पाहिजे; आणि मोटारीच्या केबलजवळ पाण्यात उतरायचं नाही. तिसरी, पाणी नुकतंच उतरलेला गाळ वरून वाळलेला दिसतो आणि खाली मांडीपर्यंत ओला असतो. काठीनं टोचून बघा. चौथी, गवतात घोणस असते, पायात उंच बूट हवेत. पाण्यात पोहणारा विरोळा चावतो पण विषारी नाही, त्याला उगाच मारू नका. आणि एकटं जाणार असाल तर घरी नेमकी जागा सांगून जा. पोहता येत असलं तरी तराफ्यावर किंवा होडीत लाइफ जॅकेट घालूनच बसा.

राहिला शेवटचा प्रश्न, सोडायचा की न्यायचा. खायला न्या, त्यात काही वाईट नाही. मरळीचं कालवण तिखट, काळा मसाला घालून, ज्वारीच्या भाकरीबरोबर, हे माझ्या घरात वर्षातून पाच-सहा वेळा होतं. पण मोजकंच न्या. एक कुटुंब, एक मासा. किलोच्या खालची परत सोडा, ती अजून वाढायची आहे. काट्यांची उलटी टोकं पकडीनं दाबून सपाट करून ठेवा, म्हणजे गळ पटकन निघतो. मासा ओल्या हातानं किंवा ओल्या फडक्यानं धरा, कल्ल्यात बोटं घालू नका, तापल्या दगडावर ठेवू नका. मरळ हवेत श्वास घेते म्हणून बाहेर तग धरते, पण अंगावरचा चिकट थर निघाला की पुढे तिला रोग लागतो.

आणि एक वेळ अशी असते की तेव्हा गळ टाकायचाच नाही. मरळीची वीण मुख्यतः पावसाळ्यात होते, पण उशिराची वीण ऑक्टोबरातही दिसते. गवताच्या मोकळ्या जागेत तुम्हाला पाण्याच्या वरच्या थरात एक लालसर ढग हलताना दिसेल. सुपाएवढा, शेकडो बारीक पिल्लांचा, सगळी एकदम वर येऊन श्वास घेतात तेव्हा पावसाचे थेंब पडल्यासारखं पाणी नाचतं. त्या ढगाखाली आई-बाप असतात. त्यावरून काहीही नेलं तरी ते झडप घालतात, भुकेनं नाही, राखणीसाठी. तिथं मासा धरणं सगळ्यांत सोपं असतं, म्हणूनच काही जण ते ढग शोधतच फिरतात. आई-बाप उचलले की तासाभरात चिलापी आणि शिंगाडे सगळी पिल्लं संपवतात. मागच्या वर्षी अशा एका ढगाजवळ मी काठी बाजूला ठेवून दुपारभर बसलो होतो. तो ढग बेशरमाच्या सावलीसावलीनं सरकत होता आणि दर थोड्या वेळानं त्याच्या कडेला तो जाड आवाज येत होता. येत्या रविवारी जाल तेव्हा एखाद्या नाल्याच्या तोंडापासून सुरुवात करा. सकाळी वारा नसताना पोचा, काडी रोवा आणि अर्धा तास ऐका. काय ऐकू आलं ते मला कळवा.